चाळीस मुलं की तिघांची फाईल?

पत्र: आम्ही नवी मुंबईतल्या कोपरखैरणे-वाशी भागातले बारा जण, बी.एस्सी. आणि बी.कॉम.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला. गेल्या वर्षी जूनपासून तुर्भे स्टोअर आणि इंदिरानगर या वस्त्यांतल्या, दहावीतल्या मुलांसाठी दर रविवारी मार्गदर्शन वर्ग घेतले. पहिल्या रविवारी चाळीस मुलं होती, दिवाळीनंतर नऊ उरली. त्या नऊपैकी एक मुलगी, नवबौद्ध कुटुंबातली, ७१ टक्के मिळवून सायन्सला गेली. यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर ती कॉलेजात गेलेलीच नाही. शिष्यवृत्ती आली नाही म्हणते, आणि वर्गात काही कळत नाही म्हणते. आमचं कुठे चुकलं? पुन्हा सुरू करायचं तर कसं? आणि तिचं आता काही होऊ शकतं का?

उत्तर: पत्रासोबत तुम्ही रविवारच्या विषयांची यादी पाठवली आहे. ध्येय कसं ठरवावं, वेळेचं नियोजन, यशस्वी माणसांच्या गोष्टी, बीजगणिताची उजळणी. यात वाईट काही नाही. पण तुर्भे स्टोअरचं मूल कॉलेजच्या वाटेवर जिथे जिथे अडतं, त्यातली एकही जागा या यादीत नाही. ते अडतं जातीच्या दाखल्यावर, आधारला जोडलेल्या बंद मोबाईल नंबरवर, पसंतीक्रमात पहिल्या ओळीत टाकलेल्या चुकीच्या कॉलेजवर आणि अकरावीच्या पहिल्या चाचणीतल्या ‘डिस्प्लेसमेंट’ या शब्दावर. ‘मेहनत कर’ हे त्याला घरी रोज ऐकायला मिळतं. प्रांत कार्यालयात काय कागद घेऊन जायचं, हे सांगणारं घरात कुणी नसतं. तुम्ही तीन-चार वर्षांपूर्वीच या वाटेने गेला आहात, तुमचा खरा उपयोग इथे आहे.

म्हणून वर्ग बंद करा आणि मुलं वाटून घ्या. बारा जणांच्या सहा जोड्या, एका जोडीकडे सहा मुलं, म्हणजे माणशी तीन. छत्तीस झाली, तुमच्या चाळिसाच्या जवळपासच. जोडी अशासाठी, की विद्यापीठाच्या सत्र परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मेच्या आसपास येतात आणि मुलांना तुमची सगळ्यात जास्त गरज एप्रिल ते ऑगस्ट लागते. एकाचा पेपर असेल तेव्हा दुसरा हजर हवा. जोडीत एक तिसऱ्या वर्षाचा असेल तर दुसरा पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा घ्या, नाहीतर मूल दहावीला आणि तुमचा माणूस नोकरीला असं होईल. भेट पंधरा दिवसांनी एकदा, दीड तास, शाळेतच. मुलं नववीतून घ्या, येत्या जानेवारीत, आणि त्यांच्या अकरावीच्या दिवाळीपर्यंत सोडू नका. हे बावीस महिने होतात. एवढं जमणार नाही असं ज्याला वाटतं त्याने मूल घेऊ नये, तारखांवर नजर ठेवण्याचं किंवा शब्दसूची करण्याचं काम घ्यावं. एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) वर्षाचे १२० तास भरायला आलेल्यांनाही हेच काम द्या. ते आले तर हरकत नाही, पण मार्चमध्ये तास भरले की ते दिसणार नाहीत हे गृहीत धरा. ज्याची जबाबदारी घेतली आणि मध्येच सोडली ते मूल, कुणीच आलं नसतं त्यापेक्षा वाईट अवस्थेत राहतं, कारण तोवर त्याने शाळेतल्या बाईंना विचारणंही बंद केलेलं असतं.

सुरू करण्याआधी परवानगी. महापालिकेची शाळा असेल तर मुख्याध्यापकांच्या शिफारशीने पालिकेच्या शिक्षण विभागाला पत्र, खाजगी अनुदानित असेल तर संस्था आणि मुख्याध्यापक. पत्रात बारा जणांची नावं, कॉलेजची ओळखपत्रं, वार, वेळ, खोली आणि कोणत्या शिक्षकांसमोर काम चालेल, हे लिहा. तुम्ही सगळे अठरा पूर्ण आहात आणि मुलं चौदा ते सतराची, हे विसरून चालत नाही. बंद खोलीत एकटं मूल आणि एकटा मार्गदर्शक कधीच नको, दार उघडं आणि दोघं समोर. मुलींच्या गटात एक तरी ताई असलीच पाहिजे. रात्रीचे वैयक्तिक मेसेज नकोत. व्हॉट्सॲप गट एकच, त्यात वर्गशिक्षक आणि शक्य तितके पालक. एखाद्या मुलीने घरातलं किंवा बाहेरचं लैंगिक छळाचं काही सांगितलं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्याने कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापक, शाळेची सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची), १०९८ हा बालमदत क्रमांक आणि पोलिस, या वाटा तुमच्या बाराही जणांना पाठ हव्यात. बालविवाहाची कुणकुण लागली तरी तोच १०९८.

आता प्रत्येक मुलाची फाईल. वीस रुपयांची प्लॅस्टिकची फाईल, पहिल्या पानावर तक्ता. मुलाचं नाव चार ठिकाणी कसं लिहिलंय ते एकाखाली एक लिहा: शाळेचं जनरल रजिस्टर, आधार, जन्मदाखला, रेशनकार्ड. हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि छत्तीस फायलींत निदान डझनभर घोळ सापडतील अशी तयारी ठेवा. शाळेत ‘सुनील’, आधारवर ‘सुनिल’. आईचं नाव एकीकडे ‘लता’, दुसरीकडे ‘लताबाई’. आधारवर आडनावच नाही. जन्मतारीख एकात १ जून, दुसऱ्यात खरी. शाळेच्या रजिस्टरमधली चूक मूल शाळेत आहे तोवर मुख्याध्यापक आणि शिक्षणाधिकारी यांच्यामार्फत दुरुस्त होते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तीच दुरुस्ती डोकेदुखी होते. दहावीचा बोर्डाचा अर्ज गेला की शाळेत प्री-लिस्ट, म्हणजे अर्जातली माहिती तपासायची यादी येते आणि मुलं न वाचता सही करतात. त्या दिवशी तुमच्यापैकी कुणीतरी मुलाला फाईल घेऊन पाठवा, अक्षर अन् अक्षर ताडून मगच सही. आणि आधार? पंधरा पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळे पुन्हा नोंदवावे लागतात, ते केलं नाही तर पुढे ओळख पटवण्याच्या प्रत्येक ठिकाणी यंत्र ‘जुळत नाही’ म्हणतं. त्याच फेरीत चालू मोबाईल नंबर जोडून घ्या, आईचा असला तरी चालेल. वडिलांचा नंबर सहसा दर सहा महिन्यांनी बदलतो.

दाखल्यांचं वेळापत्रक उलट लावणं ही नेहमीची चूक. उत्पन्नाचा दाखला जानेवारीत काढला तर तो ३१ मार्चला संपतो, आणि प्रवेश जूनमध्ये असतात. तो एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात काढायचा. जातीचा दाखला मात्र एकदा मिळाला की आयुष्यभराचा, म्हणून त्याच्या मागे आजपासून लागा, कारण खरा वेळ तो खातो. ऐरोली, दिघा, तुर्भे, बेलापूर हे सगळं ठाणे तालुक्यात येतं, खारघर-कामोठे रायगडच्या पनवेल तालुक्यात. पण जातीच्या दाखल्यासाठी तुम्ही आज कुठे राहता हे विचारत नाहीत. वडिलांकडचं कुटुंब ठरलेल्या तारखेला कुठे राहत होतं, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून, म्हणजे प्रांताकडून तो मिळतो. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. तुर्भे स्टोअरमधली कितीतरी घरं जालना, बीड, बुलढाण्याकडची. त्यांना ठाण्याच्या सेतू केंद्रात रांग लावून उपयोग नाही. गावच्या शाळेतला आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा, नाहीतर तहसीलच्या अभिलेखातली कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची) नक्कल, यातलं काहीतरी हवं. आईकडचे कागद सहसा चालत नाहीत, हे पहिल्याच भेटीत सांगा, नाहीतर आई बिचारी मुलाच्या मामाला कामाला लावते आणि दोन महिने जातात. गावी कोण आहे, त्याचा फोन कोणता, मे महिन्यात घरचं कोण गावी जाणार, हे फाईलच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा. जो जाईल त्याच्या हातात एका कागदावर तीन ओळी द्या: कोणत्या ऑफिसात, कोणाच्या नावाचा, कोणता उतारा. तोंडी सांगितलेलं एसटीत बसेपर्यंत निम्मं विसरलं जातं. कुटुंब परराज्यातून आलेलं असेल तर इथलं आरक्षण मिळत नाही, हेही स्पष्ट सांगा. खोटी आशा दाखवून ऑगस्टमध्ये तोंड लपवण्यापेक्षा ते बरं.

पैशाचं बोलू. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अनुसूचित जाती आणि जमातींसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. अकरावीपासूनच अर्ज करता येतो, आणि दरवर्षी नूतनीकरण लागतं. नाक्यावर उभं राहणाऱ्या, गवंडीकाम करणाऱ्या बापाच्या मुलांसाठी आणखी एक दार आहे, आणि ते तुमच्या वस्तीतच सगळ्यात जास्त लागू पडतं: बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. नोंदीत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना अकरावी-बारावीला वर्षाला १०,०००, पदवीला २०,०००, इंजिनिअरिंगला ६०,०००. नोंदणीसाठी मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि नोंदणीचं नूतनीकरण चुकलं की मुलाचा अर्ज पडतो. बापाचं कार्ड चालू आहे का, हे मुलाच्या निकालाआधी बघा. तुमच्याकडे कुणी आठवीचं मूल असेल तर एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा विसरू नका, उत्तीर्ण होऊन निवड झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात. पालिकेच्या समाजविकास विभागाच्या शिष्यवृत्त्याही विचारा.

पैसे मंजूर होऊनही खात्यात येत नाहीत याचं बहुतेक वेळा एकच कारण असतं. सरकारी पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधार ज्या बँकेला जोडलेलं असेल तिथे जातात. मुलाचं प्राथमिक शाळेतलं एखादं खातं कधीतरी आधारला जोडलेलं असतं, वापर नसल्यामुळे ते बंद पडलेलं असतं, आणि पैसे तिकडे जाऊन परत फिरतात. नव्या पासबुकाची झेरॉक्स दहा वेळा लावून काही होत नाही. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते बघा. चुकीची बँक दिसली तर नव्या बँकेत आधार सीडिंगचा अर्ज द्या, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. बँकेतले ‘केवायसी झालंय’ म्हणतात ते वेगळं. केवायसी म्हणजे ओळखीचे कागद तपासणं, सीडिंग नव्हे, हे मुलांनाही शिकवा.

आणि कृपा करून सायबर कॅफेवाल्याचा मोबाईल नंबर अर्जात टाकू देऊ नका. घाईत तो आपलाच टाकतो, मग प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्याकडे जावं लागतं, आणि सप्टेंबरात त्याने दुकान बंद केलं की अर्जच हरवतो. लॉगिन आणि पासवर्ड मुलाच्या वहीत, मुलाच्या अक्षरात. तुमच्या फोनमध्ये त्यांच्या दाखल्यांचे फोटो साठवू नका. डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रांचं सरकारी ॲप, काढून द्या, बोर्डाची गुणपत्रिका तिथेच मिळते.

अकरावीचा ऑनलाइन अर्ज ही अशी एकच दुपार आहे जिच्यासाठी मी बाकी सगळ्या भेटी सोडून द्यायला सांगेन. २०२५-२६पासून ही प्रक्रिया राज्यभर एकच झाली. नियम दरवर्षी थोडे हलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका आधी तुम्ही वाचा. गाभा असा: एक ते दहा पसंत्या देता येतात, आणि पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं लागलं तर थांबून पुढच्या फेरीची वाट बघता येते. याचा अर्थ पहिली ओळ ही स्वप्नाची नाही, परवडणाऱ्या स्वप्नाची आहे. पोर्टलवर कॉलेजच्या नावापुढे शाखा, माध्यम आणि एक छोटा शब्द असतो: अनुदानित, विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित. त्याच कॉलेजच्या, त्याच इमारतीतल्या, त्याच शाखेच्या अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित (म्हणजे सरकारी अनुदान नसलेल्या) तुकड्यांच्या शुल्कात कित्येक पटींचा फरक असतो. मुलं कॉलेजचं नाव वाचतात आणि हा शब्द वाचत नाहीत. पहिली पसंती स्वयंअर्थसहाय्यित तुकडीची पडते, लागते, पैसे नसतात, आणि मूल बाहेर. अनुदानित तुकडीत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे, हेही घरी माहीत नसतं.

समजा ६८ टक्क्यांची, इंदिरानगरची मुलगी समोर बसली आहे. गेल्या वर्षीचे कटऑफ उघडा, तिच्या प्रवर्गाचे. पहिल्या दोन ओळी तिच्या गुणांपेक्षा तीन-चार टक्क्यांनी वर असलेल्या अनुदानित तुकड्यांच्या. मधल्या पाच, दोन टक्के खाली-वर. शेवटच्या तीन, पाच-सहा टक्के खालच्या, जिथे जागा मिळेलच अशा. आता दहाही ओळींवरून प्रवास तपासा. तुर्भ्याहून ट्रान्सहार्बरवर ठाण्यापर्यंत एकच गाडी, पण स्टेशनपासून पुढे बस लागते का, कॉलेज सकाळी सातचं असेल तर आईच्या पाणी भरायच्या वेळेचं काय, प्रॅक्टिकल संपायला पाच वाजले तर परत येताना कुणी सोबत आहे का. वडील हे प्रश्न विचारणारच आहेत, ते तुम्ही आधी विचारा. रेल्वे पाससाठी कॉलेजचा सवलतीचा फॉर्म लागतो आणि तो घेतल्यावर काही दिवसांतच खिडकीवर द्यावा लागतो. पहिला पास काढायला तिच्यासोबत जा, पुढचे ती काढेल. क्लासशी बांधलेल्या ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजांच्या पत्रकांना मात्र हात लावू देऊ नका, तिथे कॉलेजचं शुल्क दाखवतात आणि क्लासचं नंतर सांगतात.

कॉलेज म्हणजे अकरावी सायन्स, असा एक समज तुमच्या पत्रातही डोकावतो. दहावीनंतर तीन वर्षांचा इंजिनिअरिंग डिप्लोमा दहावीच्या गुणांवर मिळतो, सीईटी नाही, आणि पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दोन वर्षांचं आयटीआय करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. रबाळे-महापेच्या कारखान्यांशेजारी वाढलेल्या, हात चालणाऱ्या मुलाला ५५ टक्क्यांवर सायन्समध्ये ढकलण्यापेक्षा ही वाट चांगली. डिप्लोमाचा अर्ज वेगळ्या पोर्टलवर असतो आणि तारखा अकरावीच्या तारखांत घुसतात, दोन्ही भरा. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावी मिळते, शिवाय जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. निकालाच्या दिवशी नापास झालेल्याच्या घरी सगळ्यात आधी जा. पास झालेल्याकडे पेढे घेऊन जाणारे खूप असतात.

कॉमर्सच्या बारावीतल्या मुलांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती नेहमी उशिरा कळते. एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यतेच्या बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांना २०२४पासून राज्याची सीईटी लागते, आणि तिची नोंदणी बारावीच्या परीक्षेआधीच सुरू होते. काही कॉलेजांनी तोच अभ्यासक्रम बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) या नावाने ठेवला आहे, त्याला सीईटी नाही. साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला निकालानंतर विद्यापीठाच्या पोर्टलवर नोंदणी आणि शिवाय प्रत्येक कॉलेजात वेगळा अर्ज, या दोन पायऱ्या आहेत. पहिली करून दुसरी राहिलेली मुलं गुणवत्ता यादीत स्वतःचं नाव शोधत बसतात. इंजिनिअरिंग, फार्मसीच्या वाटेवरच्या राखीव प्रवर्गातल्या मुलांनी जात पडताळणीचा अर्ज बारावीतच, कॉलेजच्या सही-शिक्क्याच्या पत्रासह टाकावा.

आता तो ‘डिस्प्लेसमेंट’. मराठी माध्यमातून इंग्रजी सायन्समध्ये गेलेल्या मुलाला विज्ञान येत नाही असं नसतं. त्याला चाल आणि वेग यातला फरक नववीतच कळलेला असतो, पण ‘स्पीड’ आणि ‘व्हेलॉसिटी’ म्हणजे तेच दोन शब्द, हे कुणी सांगितलेलं नसतं. विस्थापन म्हणजे ‘डिस्प्लेसमेंट’, त्वरण म्हणजे ‘ॲक्सिलरेशन’, संवेग म्हणजे ‘मोमेंटम’, क्षपण म्हणजे ‘रिडक्शन’. शिक्षक फळ्यावर लिहीत असतात, मूल शब्दापाशी अडतं, तोवर तीन ओळी पुढे गेलेल्या असतात. सहा आठवडे असं झालं की ते मागच्या बाकावर जातं. याचा उपाय स्वस्त आहे. दहावीची परीक्षा मार्चच्या मध्यावर संपते आणि अकरावी सुरू व्हायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. त्यातले बारा आठवडे घ्या, आठवड्याला पंचवीस शब्द, एकूण तीनशे. बालभारतीचं नववी-दहावीचं विज्ञान आणि गणिताचं पुस्तक दोन्ही माध्यमांतलं ई-बालभारतीवर मिळतं. तीच आकृती, तोच परिच्छेद, डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी ठेवून वाचा. नुसती शब्दांची यादी पाठ करायला देऊ नका, ती चार दिवसांत विरते. त्याला आधीच येत असलेलं गणित इंग्रजीतून सोडवायला द्या, म्हणजे डोकं फक्त शब्दांत अडकतं, विषयात नाही. पुढे एमएचटी-सीईटीला (इंजिनिअरिंग, फार्मसीच्या प्रवेश परीक्षेला) भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतही मिळतात, गणिताचे मात्र इंग्रजीतच.

प्रवेश झाला की तुम्ही फोटो काढून मोकळे झालात, आणि तुमची मुलगी तिथेच सुटली. प्रवेशापासून दिवाळीपर्यंत दर आठवड्याला एक फोन, पाच मिनिटांचा, आणि ‘कसं चाललंय’ असं विचारू नका, कारण उत्तर ‘बरं चाललंय’ एवढंच येतं. विचारायचं ते असं: या आठवड्यात किती दिवस गेलीस? कोणत्या तासाला काहीच कळलं नाही? शिष्यवृत्तीचा अर्ज पोर्टलवर कुठल्या टेबलावर आहे? कॉलेजात ओळखीचं कोण झालं? सलग तीन दिवस गैरहजेरी कळली की घरी जायचं. पालकांशी बोलायला रविवार सकाळ योग्य असेलच असं नाही, कंपनीच्या सुट्टीचा वार विचारून घ्या. आईशी बोला, ती निर्णय घेत नसली तरी तिच्या विरोधात निर्णय टिकत नाही.

आता तुमच्या मुलीबद्दल. दिवाळीनंतर गेली नाही म्हणजे चार-पाच आठवडे बुडाले, वर्ष बुडालेलं नाही. अकरावीचा निकाल एका परीक्षेवर नसतो: दोन चाचण्या २५-२५च्या, सहामाही ५०ची, वार्षिक १००ची, मिळून २००, आणि त्याची सरासरी. तिला पहिल्या चाचणीत आणि सहामाहीत मिळून ७५पैकी १८ मिळाले असतील, तर ३५ टक्क्यांसाठी उरलेल्या १२५पैकी ५२ हवेत. हा हिशेब प्रत्येक विषयाचा तिच्यासमोर वहीत मांडा. ‘सगळं संपलं’ आणि ‘५२ हवेत’ यात खूप अंतर आहे, ते तिला आकड्यात दिसू दे. मग विचारा, सायन्स तिला हवं आहे का. नको असेल तर शाखा बदलण्याबद्दल आत्ताच प्राचार्यांना भेटा. जागा आणि मुदत नसेल तर जूनमध्ये पोर्टलवरून कला किंवा वाणिज्यला नवा अर्ज, एक वर्ष जाईल. हे ठरवणं तिचं आहे, तुमचं नाही.

शिष्यवृत्तीसाठी तिच्याच लॉगिनने अर्जाची स्थिती बघा. कॉलेजच्या टेबलावर अडकला असेल तर लिपिकाला अर्ज क्रमांक कागदावर लिहून द्या आणि पुढे पाठवल्याची तारीख विचारा. परत पाठवला असेल तर कारण लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा उत्पन्नाचा जुना दाखला किंवा नावातला फरक, ते दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतं. मंजूर असेल आणि पैसे नसतील तर वर सांगितलेलं सीडिंग. मुदत दरवर्षी वाढते असं लोक म्हणतात, त्या भरवशावर राहू नका. आणि खात्यात पैसे आले की तिला सांगा, त्यात शुल्काचा हिस्सा असतो आणि तो थोड्या दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. तो खर्च झाला तर पुढच्या वर्षी नवी अडचण. या शिष्यवृत्तीला ७५ टक्के हजेरी लागते, म्हणून पैसे यायची वाट न बघता आधी वर्गात परत.

येत्या शनिवारी तुमच्यातल्या दोघी तिच्या घरी जा, एक जी तिला रविवारी ओळखत होती आणि एक जी बी.एस्सी.ला आहे. सोबत न्यायचं ते: दोन्ही माध्यमांतलं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक, कोरी वही, आणि सोमवारी सकाळी तुर्भे स्टेशनवर किती वाजता भेटायचं ते ठरवून. कॉलेजच्या फाटकापर्यंत एकीने सोबत जावं. पहिले तीन दिवस पुरतात.